ताईचं उसनं हसू

चौकातल्या बँकेला लागून त्याचं फोटोचं दुकान होतं. पाटीवर त्याचं नाव ठसठशीत रंगवलेलं होतं, पण त्या नावानं त्याला कोणी हाक मारत नसे. आसपासच्या गल्ल्यांतली पोरं त्याला हसाकाका म्हणत, आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणू लागली होती. त्याला कारणही तसंच होतं. पुढ्यात माणूस बसला की हा कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "हसा." सरकारी ओळखपत्राच्या फोटोत हसायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो आधी एक हसरा फोटो काढून घ्यायचा, "हा घरच्यांसाठी" म्हणायचा, आणि मग "आता करा तोंड बंद, सरकारला आनंद बघवत नाही" अशी मल्लिनाथी करून दुसरा काढायचा. लोक नेमके त्या दुसऱ्या फोटोत हसायचे आणि मग तिसरा काढावा लागायचा.

दुकानाचा पुढचा भाग ताईचा होता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि ताई नुकती कुठे नोकरीला लागली होती. तिनंच त्याला वाढवलं, पहिला कॅमेराही तिनंच घेऊन दिला. तिचं लग्न झालं नाही. जमलं नाही असं नव्हे, तिनं जमू दिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "एक पोर सांभाळलं ना, हौस फिटली." पुढे नोकरी सुटल्यावर ती दुकानात काउंटरवर बसू लागली. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर सगळे राहत: तो, त्याची बायको, त्यांची लेक आणि ताई.

ताईचा चेहरा भारी बोलका होता. कोणाच्या बाळाला दात आला, कोणाचा मुलगा परगावी गेला, सगळं तिला तोंडपाठ. ऐकताना तिच्या भुवया वर चढत, ओठांना मुरड पडत असे, आणि सांगणाऱ्याला वाटे, आपली गोष्ट जगात सगळ्यात महत्त्वाची आहे. रडणारं मूल ताईकडे बघता बघता गप्प व्हायचं. लोक फोटो काढून घ्यायला त्याच्याकडे येत, पण दुकानात येत ते ताईकडे.

मग कधीतरी ते बदललं. कधी, ते कोणालाच नेमकं सांगता आलं नसतं. पहिल्यांदा बोलून दाखवलं ते बँकेतल्या मॅनेजरबाईंनी. फोटो घ्यायला आल्या आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं माझ्याशी काही वाकडं आहे का हो? मी आपली मुलीच्या निकालाचं कौतुक सांगतेय, आणि त्यांच्या तोंडावरची माशी हलत नाही."

"छे छे, दमली असेल," तो म्हणाला.

पण त्या दिवसापासून त्याचंही लक्ष जाऊ लागलं. खरंच की. ताई काउंटरवर बसायची ती जणू कोणी तिला तिथे मारूनमुटकून बसवलंय अशी. डोळे एकटक. कपाळ सपाट. गिऱ्हाईक काही बोललं तर उत्तर नीट द्यायची, पण असं की पुढचं वाक्य समोरच्याच्या घशात अडकावं. लहान मुलं तिच्याकडे बघून आईच्या पाठीमागे लपू लागली.

घरातही तेच. त्याची बायको दोन-तीन वेळा चाचरत विचारून आली, "वन्सं, माझं काही चुकलं का?"

"काही नाही गं," ताई म्हणायची. पण ते 'काही नाही' असं सपाट यायचं, की बायको स्वयंपाकघरात जाऊन आपण काल काय काय बोललो ते आठवत बसायची. शेवटी तिनं नवऱ्याला सांगितलं, "वन्सं माझ्यावर रागावल्यात. तुम्हीच विचारा बाई, मला धीर होत नाही."

त्यानं विचारलं, पण ते विचारणं नव्हतंच. "ताई, काउंटरवर बसायचं तर जरा हसत बस ना. तोंड पाडून बसतेस, लोक काय म्हणतात!"

"मी कुठे तोंड पाडलंय?"

"आरशात बघ."

ताई खरंच उठली, आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या आरशापुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मला तर नेहमीसारखंच वाटतंय रे, छोट्या." छोट्या हे तिचं त्याला हाक मारायचं नाव. तो आजोबा व्हायच्या वयाला आला होता, तरी ते सुटलं नव्हतं.

त्याला वाटलं, ही मुद्दाम करतेय. माणूस एकदा असं धरून चालला की मग त्याला पुरावे सापडतच जातात. ताई हळू बोलू लागली, तर हा म्हणे, "पुटपुटू नकोस, काय असेल ते स्पष्ट बोल." ताई सावकाश चालू लागली, तर याला वाटे, नाराजी दाखवतेय. एकदा ती म्हणाली, "चहाला हल्ली वासच येत नाही," तर हा म्हणाला, "घरातलं काही आवडेनासंच झालंय तुला."

आणि मग एके दिवशी त्यानं तिला काउंटरवरून उठवलं. भांडून नाही, गोड बोलून. "तू आतलं बघ. फोटो कापायचे, पाकिटात भरायचे. शांत काम आहे, तुलाही बरं." काउंटरवर त्यानं एक बोलकी मुलगी ठेवली. आपला चष्मा, पाण्याची बाटली आणि पाठीला लावायची छोटी उशी घेऊन ताई आतल्या बिनखिडकीच्या खोलीत गेली. तिथेही तिचे हात सावकाश चालत. कडा तिरक्या कापल्या जात. त्याबद्दलही तो तिला बोललाच.

त्याच सुमारास लेकीचं लग्न झालं. आपल्याच लेकीच्या लग्नात त्यानं कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला नाही. सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढला, तिपाईवर कॅमेरा लावून, धावत जाऊन स्वतः रांगेत उभं राहून. फोटो उत्तम आला. सगळे आनंदात, आणि मधोमध ताई, तिच्या आवडत्या निळ्या कपड्यांत, कोणाच्या तरी दुखवट्याला आल्यासारखी.

त्याला इतका राग आला की त्यानं कोणाला दाखवलाच नाही तो फोटो. संगणकावर बसला, ताईचा दुकानातलाच एक जुना हसरा फोटो शोधला, आणि ते हसू उचलून इकडे आणलं. नुसते ओठ नव्हेत. कच्चं काम त्याला खपत नसे. गालांचा फुगवटा, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, भुवयांची किंचित चढण, सगळं. उजेडाची दिशा जुळवली, रंग जुळवला. काम झाल्यावर स्वतःवरच खूश झाला. लेक फोटो बघून म्हणाली, "बाबा, आत्या किती गोड दिसतेय!"

ताईनं तो फोटो हातात घेऊन पाहिला. "छान आलाय," म्हणाली आणि परत दिला.

त्यानंतर घरच्या प्रत्येक फोटोत तो तेच करू लागला. सवयच झाली. जुन्या फोटोंपैकी कधी हे हसू घ्यायचं, कधी ते. मनात म्हणायचा, ती हसत नाही तर आपणच हसवू.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मग गावातल्या मोठ्या इस्पितळातून एक डॉक्टरबाई दुकानात आल्या. वयानं तरुण, बोलायला साध्या. मेंदूच्या आणि नसांच्या आजारांच्या त्या डॉक्टर. त्यांच्याकडे एक अभ्यास सुरू होता. पार्किन्सन नावाचा आजार असतो, त्यात माणसाच्या हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, हात थरथरतात. लोकांना थरथर तेवढी माहीत असते. पण पुष्कळांच्या बाबतीत हात हलायच्या आधी चेहरा हलायचा थांबतो. पापण्या कमी लवतात, हसू अर्ध्यावर राहतं. घरच्यांच्या ते लक्षात येत नाही, आणि आलं तरी ते त्याला भलतंच नाव देतात. डॉक्टरबाईंच्या गटातल्या संगणकवाल्यांनी एक प्रणाली बनवली होती. माणसाचा चेहरा चलचित्रात किंवा फोटोत टिपला की ती त्यावर बारीक बारीक ठिपके मांडते आणि हसताना ओठाचं टोक किती सरकलं, गाल किती उचलला, पापणी किती वेळा मिटली, ते मोजते. त्यासाठी आजारी माणसांचे आणि धडधाकट माणसांचे, दोघांचेही एकसारख्या उजेडातले चेहरे टिपायचे होते.

"तुमच्याइतका चेहरा कोण ओळखणार, काका?" डॉक्टरबाई सहज म्हणाल्या.

त्यानं हे काम आनंदानं घेतलं. इस्पितळाच्या एका खोलीत राखाडी पडदा लावला, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड बसवला. पेशंट येऊन बसत. आधी स्वस्थ बसायचं. मग दात दिसेपर्यंत हसायचं, भुवया वर न्यायच्या, डोळे घट्ट मिटायचे, एक ठरलेलं वाक्य म्हणायचं. पहिल्या काही दिवसांत त्यानं कित्येक चेहरे पाहिले, जे हसायला सांगितल्यावर जागचे हलत नव्हते. त्याला त्यांची कीव आली. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगायचा, "बिचारे आतून हसत असतात गं, बाहेर येत नाही."

एवढं तो स्वतःच्या तोंडानं बोलला, आणि पलीकडच्या खुर्चीत ताई बसलेली होती. तरी त्याच्या डोक्यात उजेड पडला नाही.

तुलनेसाठी धडधाकट बायका कमी पडत होत्या, ताईच्या वयाच्या तर फारच. त्यानं ताईला गळ घातली. "तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं. तेवढंच तुझं बाहेर पडणं होईल." ताई तयार झाली. तोच निळा पोशाख घातला, केस नीट बसवले. खुर्चीत बसली. डॉक्टरबाईंनी सांगितलं, "मावशी, आता छान हसा."

ताई बसून राहिली.

"ताई, हस ना," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"हसतेय की."

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. परक्या माणसांसमोर शोभा! "इथे तरी नीट हस. घरी कर हवं तेवढं तोंड वाकडं."

डॉक्टरबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प राहता का?" मग त्या ताईच्या समोर गुडघ्यांवर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. मनगट हलकेच फिरवून पाहिलं. तर्जनी आणि अंगठा भरभर जुळवायला सांगितलं. ताईची बोटं सुरुवातीला उघडझाप करत होती, मग त्यांची हालचाल लहान लहान होत थबकली. डॉक्टरबाईंनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात चालवलं. ताईचा एक हात हलत होता, दुसरा अंगाला चिकटून नुसता लोंबत होता.

"मावशी, तुम्हाला वास येतो का नीट?"

"चहाचासुद्धा येत नाही गं," ताई म्हणाली. "मी याला सांगितलं होतं."

तो तिपाई घट्ट धरून उभा होता.

दोन-चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. "संगणक मावशींचा चेहरा आजारी लोकांच्या बाजूला टाकतोय. पण हे निदान नव्हे बरं का. तो फक्त बोट दाखवतो, तपासायचं आपण. मला यांचे जुने फोटो हवेत. बदल केव्हापासून, किती हळूहळू झालाय, ते कळलं तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील." मग हसून म्हणाल्या, "आता फोटोग्राफरच्या घरात फोटोंना काय तोटा!"

ताईही म्हणाली, "दे रे सगळे."

घरी येऊन त्यानं फोटो काढायला घेतले, आणि गेल्या काही वर्षांच्या फोटोंशी येऊन त्याचा हात थांबला. सगळ्यांत ताई हसत होती. त्यानं हसवलेली. मूळ फोटो जुन्या संगणकात पडून होते. ते द्यायचे, तर डॉक्टरबाई विचारणार: हे तर तुम्हाला दिसत होतं, मग तुम्ही काय केलंत? आणि ताई शेजारी बसलेली असणार. त्यानं मनाशी म्हटलं, हसण्यानं असा काय मोठा फरक पडणार आहे, चेहरा तर तिचाच आहे. घरी सगळ्यांना दाखवलेलेच फोटो, आणि त्याआधीचे ती हसरी दिसते तेवढेच, त्यानं पाकिटात भरले.

फरक पडला. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंचा आवाज बदललेला होता. "मला वाटत होतं तसं हे नाही. लग्नातल्या फोटोत यांचं हसू अगदी पूर्ण आहे, त्यानंतरच्या वर्षीही. म्हणजे जे काही उतरलंय ते एवढ्यात, आणि झपाट्यानं. साधा पार्किन्सन इतक्या घाईनं येत नाही. दुसरं काही असू शकतं, जास्त अवघड. औषध सुरू करायच्या आधी मेंदूचा फोटो काढू, रक्त तपासू. गरज पडली तर पाठीतून पाणी काढून बघू."

ताईनं विचारलं, "अवघड म्हणजे?"

"आत्ताच काही म्हणत नाही मावशी. बघू या."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य. ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही, आणि तिथूनच मागे फिरलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ताई, काळजी करू नकोस." ताई म्हणाली, "मी नाही करत. तू पांढराफटक पडलायस."

मग जे दिवस आले ते त्यानं कसे काढले, त्याचं त्यालाच माहीत. ताईला त्या धडधड वाजणाऱ्या यंत्राच्या नळीत घातलं. बंद जागेची तिला लहानपणापासून भीती. बाहेर येऊन ती खुर्चीवर बसली तेव्हा चेहरा नेहमीसारखाच सपाट, पण मांडीवरचे हात गार पडले होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून कोणालाही वाटलं असतं, बाईला काही फिकीर नाही. तो हात धरून बसला होता म्हणून त्याला कळलं.

घरी ती कपाट आवरू लागली. गॅलरीतल्या कुंड्या तिनं शेजारणीला दिल्या, "मला आता पाणी घालणं होत नाही" म्हणून. लेक भेटायला आली तर तिला आपली शाल दिली. बायकोला शेजारी बसवून कोणाचे वाढदिवस केव्हा ते सांगत बसली. बायको आत येऊन डोळे पुसत म्हणाली, "अहो, वन्सं निघाल्यासारखं बोलतायत. आणि मी मूर्ख, इतकी वर्षं त्यांच्यावर रुसून बसले." ताई जे भय पोटात घेऊन बसली होती, ते आजाराचं नव्हतं, ते त्यानं पाकिटात भरून नेऊन दिलं होतं. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगायचं. आणि दिवसभर काहीतरी निमित्त काढून दुकानात बसून राहायचा.

मेंदूच्या फोटोत काही सापडलं नाही. रक्तातही नाही. त्यामुळे उलट पाठीत सुई घालायचं नक्की झालं. आदल्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई ताईला समजावून सांगत होत्या, कुशीवर कसं वळायचं, किती वेळ हलायचं नाही. ताई ऐकत होती. मग तिनं विचारलं, "फार दुखतं का गं?"

"मावशी, थोडंसं..."

"सुई नका घालू," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे बघू लागल्या.

"ते फोटो खरे नाहीत. म्हणजे फोटो खरे आहेत, हसू खरं नाही. मी लावलंय ते. जुन्या फोटोंतून काढून. लग्नातल्या फोटोतही ती हसत नव्हती. तेव्हापासूनच... त्याच्याही आधीपासून." मग ताईकडे न बघता तो म्हणाला, "मला दिसत होतं. मला वाटलं, ती मुद्दाम करतेय."

डॉक्टरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "काका, हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," आणि फोन उचलून उद्याची वेळ रद्द केली.

त्यानं ताईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि आता त्या काहीच नसण्याचा अर्थ काय लावायचा, ते त्याला कळेना.

"लग्नातलं मला ठाऊक होतं," ताई म्हणाली. "माझं हसू मला ओळखू येणार नाही का? म्हटलं, मी वाईट दिसत असेन, म्हणून केलंस." ती थांबली. बोलायला तिला वेळ लागत होता. "पण इथे तू खरे दिले असशील, असं वाटलं रे मला."

तो तिथेच रडला. ताईनं त्याला उगी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुना संगणकच उचलून इस्पितळात नेला. मूळ फोटो पडद्यावर एकापाठोपाठ एक उघडले. डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर जायला सांगितलं नाही, म्हणून त्याला बघावं लागलं. दुकानाच्या वाढदिवसाचा फोटो, लेकीच्या निकालाचा, सहलीचा, लग्नाचा. ठिपके ताईच्या चेहऱ्यावर बसत होते आणि वर्षामागून वर्ष त्यांची धाव कमी कमी होत होती. आधी एका बाजूचा ओठ मागे राहिला. मग गाल. मग भुवया. ज्या दिवशी त्यानं तिला काउंटरवरून उठवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ते सुरू झालं होतं. "हळूहळूच उतरलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि सुटकेचा श्वास टाकला. "मावशी, हा पार्किन्सनच आहे. बरा होत नाही, पण याच्यासोबत पुष्कळ वर्षं चांगलं जगता येतं. आजपासून गोळ्या सुरू करू." मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि आता आम्ही प्रत्येकाला विचारणार, फोटोवर काही हात फिरवलाय का. हे आमच्याही डोक्यात यायला हवं होतं."

गोळ्यांनी फरक पडला. जादू झाली नाही, पण काही आठवड्यांत ताईचा लोंबणारा हात थोडा हलू लागला, बोटं सुटली. व्यायाम शिकवणारी बाई तिला मोठ्यांदा बोलायला लावायची, मोठी पावलं टाकायला लावायची. चेहराही जरासा सैलावला. पूर्वीचा मात्र झाला नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, होणारही नाही.

इकडे हसाकाकाला भलताच नाद लागला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या पापण्या किती वेळा लवतात ते तो मोजू लागला. एक निवृत्त मास्तर ओळखपत्राचा फोटो काढायला आले, तोंड गंभीर. यानं त्यांना खुर्चीत बसवून बोटं जुळवायला लावली, चहाचा वास येतो का विचारलं, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, एकदा इस्पितळातल्या डॉक्टरबाईंना दाखवून घ्या. तुमचा चेहरा हलत नाही."

मास्तर ताडकन उठले. "माझा चेहरा जन्मापासून असाच आहे! माझ्या बायकोला विचार!"

ते थेट इस्पितळात जाऊन तक्रार करून आले. डॉक्टरबाईंनी याला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. "काका, दुकानात बसून लोकांना आजार वाटू नका. आमचा संगणकही इतक्या खात्रीनं बोलत नाही." त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. मनाला जे खात होतं, ते असं कोणाच्या तरी अंगावर ढकलून कमी होणार नव्हतं, हे त्यालाही उमगत होतं.

एक गोष्ट मात्र त्यानं नीट केली. बँकेत गेला, मॅनेजरबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला, आणि ताईला काय झालंय ते सांगितलं. असाच तो आणखी चार-पाच जणांकडे गेला, ज्यांनी कुरकुर केली होती. प्रत्येकाला म्हणाला, "ती तुमच्यावर नाराज नव्हती. तिचा चेहरा आजारी होता. आणि तिला आत मी बसवलं." मॅनेजरबाई त्याच संध्याकाळी वर येऊन ताईजवळ बसल्या आणि मुलीच्या नोकरीचं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

मग त्यानं ताईला विचारलं, "काउंटरवर बसशील पुन्हा? मी त्या मुलीला आतलं काम देतो."

"नको," ताई म्हणाली. "तिचं काय चुकलंय? आणि मला आता तिथे बसवणार नाही."

"ताई, माझं चुकलं."

"ते फोटोचं मी कधीच सोडून दिलं. सुईचंही सोडेन. सांगितलंस शेवटी." ती सावकाश, एकेक शब्द मोठ्यांदा, शिकवल्याप्रमाणे बोलत होती. "पण त्या खोलीत बसवलंस ना, ते नाही जात मनातून. मी दिवसभर विचार करायची, माझं काय चुकलं असेल. मलाच माहीत नव्हतं, तर मी सुधारणार काय?"

तो तिच्या पायांशी जमिनीवर बसून राहिला. खालून दुकानातल्या मुलीनं हाक मारली, तरी उठला नाही.

आता घरात एक नवी रीत पडली आहे. ती लेकीनं काढली. ताईच्या चेहऱ्यावर दिसत नाही, तर तिनं बोलून दाखवायचं. जेवताना कोणी काही गंमत केली की ताई चमचा खाली ठेवून म्हणते, "मी हसले." ते ती अशा गंभीर तोंडानं म्हणते की सगळ्यांची हसून पुरेवाट होते, आणि मग ती म्हणते, "पुन्हा हसले." बायकोला कधी म्हणते, "आज मला तुझा राग आलाय, पण थोडाच." बायको म्हणते, "बरं वन्सं," आणि तिचा जीव भांड्यात पडतो.

तो मात्र ताई सांगेपर्यंत थांबत नाही. रोज संध्याकाळी तिला मैदानावर चालायला नेतो. ती मोठी पावलं टाकते, तो तिच्या बाजूनं, हात धरायला तयार पण न धरता चालतो. मध्येच एका बाकावर दोघं बसतात. तो समोर बघत विचारतो, "ताई, माझ्यावर रागावलीयेस का?"

ती कधी म्हणते, "नाही रे."

कधी बराच वेळ काही बोलत नाही. तो वाट बघतो. मग ती म्हणते, "आज आहे थोडी."

"बरं," तो म्हणतो, आणि उठायला तिला हात देतो.